वाचकांच्या शंका : ताकातल्या पालकाचे रुसवे

थंडी पडू लागली आणि मंडईत पालकाच्या जुड्यांचे ढीग दिसू लागले, की आमच्याकडे येणाऱ्या पत्रांतही पालक डोकावू लागतो. या खेपेस आलेल्या प्रश्नांपैकी बहुतेक प्रश्न एकाच भाजीभोवती फिरणारे होते, म्हणून हे सदर तिलाच दिले आहे.

प्रश्न : माझ्या सासूबाई पालकाची ताकातली पातळ भाजी फार सुरेख करीत असत. त्यांनी कधी प्रमाण सांगितले नाही आणि मीही विचारले नाही. मी करते तेव्हा भाजी काळपट होते, हरभऱ्याच्या डाळीचे गोटे राहतात आणि ताक हमखास फुटते. कृपया प्रमाणासह कृती सांगावी. (एक वाचक, नाशिक)

उत्तर : तुमच्या तिन्ही तक्रारी वेगवेगळ्या वाटल्या तरी त्यांचे मूळ एकच आहे, आणि ते म्हणजे क्रम. या भाजीत डाळीला वेळ हवा असतो, पाल्याला तो नको असतो आणि आंबटाने सर्वांत शेवटी यायचे असते. तुमच्या पत्रावरून असे दिसते, की तुम्ही डाळ, दाणे आणि पालक एकाच भांड्यात घालून, वर थोडी चिंच टाकून, कुकरला तीन-चार शिट्ट्या देता. त्यात प्रत्येकाचेच नुकसान होते.

चौघांसाठी निवडलेला पालक पाव किलो घ्यावा. मंडईतील एका मोठ्या जुडीतून तेवढा सहज निघतो. तीन मोठे चमचे हरभऱ्याची डाळ आणि तेवढेच शेंगदाणे कोमट पाण्यात दोन-तीन तास भिजत घालावेत आणि कुकरमध्ये वेगळ्या भांड्यात तीन शिट्ट्या देऊन शिजवून घ्यावेत. डाळ बोटांनी दाबली असता दबली पाहिजे, पण तिचा आकार मोडता कामा नये. डाळीच्या पेशींना बांधून ठेवणारा पदार्थ आंबट पाण्यात लवकर विरघळत नाही, त्यामुळे चिंच किंवा ताक आधी पडले तर ती कितीही शिट्ट्यांना दाद देत नाही. बोअरच्या जड पाण्याचाही हाच त्रास होतो, तेव्हा तुमच्याकडे तसे पाणी असेल तर डाळीपुरते पिण्याचे पाणी वापरून पाहावे.

पालक चिरण्याआधी धुवावा, चिरून नव्हे. मोठ्या पातेल्यात भरपूर पाणी घेऊन त्यात पाने बुडवून हलवावीत आणि हातांनी वर उचलून दुसऱ्या भांड्यात काढावीत. पाणी बदलून असे दोनतीनदा करावे. मी एकदा घाईत सगळे पातेलेच चाळणीत ओतले होते. तळाशी बसलेली माती पुन्हा पानांवरच येऊन बसली आणि पाहुण्यांसमोर पहिल्याच घासाला कचकच लागली. कोवळे देठ टाकू नयेत, ते बारीक चिरून पानांसोबत घ्यावेत.

आता पालक जाड बुडाच्या पातेल्यात, अर्धी वाटी पाणी आणि दोन-तीन हिरव्या मिरच्या घालून, झाकण न ठेवता मध्यम आचेवर पाच ते सात मिनिटे शिजवावा. पातेले सुरुवातीला काठोकाठ भरलेले दिसेल आणि बघता बघता पाला तळाशी जाऊन बसेल. पालकात दहातील नऊ भाग पाणीच असते, त्यामुळे यात नवल नाही. झाकण न ठेवण्याचे कारण असे, की पाने तापली की त्यांच्यातील आम्ले मोकळी होतात आणि त्यांतील काही वाफेबरोबर निघून जातात. झाकण असेल तर ती वाफ पुन्हा भांड्यातच उतरते. पानांच्या हिरव्या रंगद्रव्याच्या मध्यभागी मॅग्नेशियमचा एक अणू असतो, आम्ल त्याला तेथून हुसकावते आणि हिरव्याचा मेंदीसारखा तपकिरी रंग होतो. कुकरमध्ये नेमके हेच घडते.

शिजलेला पालक रवीने किंवा पळीच्या पाठीने घोटावा. मिक्सरमध्ये फिरवला तर भाजीचे सार होते आणि खाताना पानाची जाणीवच राहत नाही. घोटून झाल्यावर शिजलेली डाळ आणि दाणे त्यात घालावेत. दोन वाट्या आंबटसर ताकात दोन मोठे चमचे बेसन एकही गुठळी न राहता कालवून घ्यावे, आच मंद करावी आणि हे ताक हळूहळू ओतत भाजी ढवळत राहावी. आंबट ताक तापले की त्यातील प्रथिनांच्या गाठी होऊन पाणी वेगळे पडते, तेच आपण ताक फुटले म्हणून म्हणतो. बेसनामुळे त्या गाठी एकमेकींना चिकटत नाहीत. पहिली उकळी येईपर्यंत पळी थांबवू नये. त्यानंतर चार-पाच मिनिटे मंद आचेवर ठेवावे, म्हणजे बेसनाचा कच्चट वास जातो. मीठ आणि सुपारीएवढा गूळ शेवटी घालावा.

फोडणी मात्र कंजूषपणे करू नये. दोन मोठे चमचे तेल चांगले तापवून मोहरी तडतडू द्यावी, मग आठ-दहा मेथीचे दाणे, ठेचलेल्या सहा-सात लसणीच्या पाकळ्या, दोन सुक्या मिरच्या, हिंग आणि हळद घालावी. लसणीच्या कडा तांबूस होऊ लागल्या, की ती फोडणी भाजीवर ओतावी. चर्र आवाज झाला नाही, तर तेल पुरते तापले नव्हते असे समजावे.

आणखी एक सांगायचे राहिले. इतके सगळे सांभाळूनही ताकातल्या पालकाचा रंग गडद हिरवा राहणार नाही, तो हळदीकडे झुकणारा शेवाळी हिरवा होईल. ताक आंबट आहे, त्यामुळे तसे होणारच. तो दोष समजू नये. सासूबाईंची भाजीही अशीच दिसत असणार.

प्रश्न : उपाहारगृहातील पालक पनीर हिरवेगार असते. तसे घरी व्हावे म्हणून मी चिमूटभर सोडा घालते. हे योग्य आहे का? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : सोड्याने रंग टिकतो, हे खरे आहे, कारण तो पानांतील आम्ल मारतो. परंतु त्याबरोबर पाने लिबलिबीत होतात, क जीवनसत्त्व आणि थायमिन यांचा नाश होतो, आणि हात थोडा सैल सुटला तर साबणासारखी चव येते. त्याऐवजी भरपूर पाणी खळखळ उकळावे, त्यात पाने एक-दोन मिनिटे बुडवून लगेच बर्फाच्या पाण्यात टाकावीत आणि निथळून वाटावीत. वाटण परतून ठेवलेल्या कांदा-लसणीत अगदी शेवटी घालून दोन-तीन मिनिटांत आच बंद करावी. टोमॅटो घालायचाच असेल तर बेताने घालावा, कारण रंग जाण्यामागे बहुधा तोच असतो.

प्रश्न : आमच्या भाजीवाल्याकडे कधी ‘देशी’ तर कधी ‘विलायती’ पालक असतो. चवीत आणि शिजण्यात फरक का पडतो? (एक वाचक, पुणे)

उत्तर : फरक पडतो, कारण या दोन निराळ्या वनस्पती आहेत. आपण ज्याला देशी पालक म्हणतो तो वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने बीटाचा भाऊबंद आहे. त्याचे नाव बीटा व्हल्गॅरिस, प्रकार बेंगालेन्सिस. ‘ऑल ग्रीन’ आणि ‘पुसा ज्योती’ हे शेतकऱ्यांच्या परिचयाचे वाण याच गटातील आहेत. त्याची पाने रुंद, जाडसर आणि रसाळ असतात, आणि एकदा पेरलेल्या वाफ्यातून अनेकदा कापणी घेता येते. विलायती पालक म्हणजे स्पिनेशिया ओलेरेशिया. तो इराणच्या बाजूने जगभर पसरला. त्याला थंडी मानवते आणि ऊन वाढले की तो लवकर फुलोऱ्यावर येतो. त्याचे पान पातळ असल्याने लवकर शिजते, तेव्हा वर सांगितलेल्या वेळातून दोन मिनिटे कमी करावीत. पातळ भाजीसाठी मला स्वतःला देशीच आवडतो, कारण घोटल्यावर त्याला अंगचा दाटपणा येतो.

प्रश्न : पालक खाल्ल्यावर दातांवर खडू घासल्यासारखे का वाटते? माझ्या यजमानांना एकदा मुतखडा झाला होता, त्यांनी पालकाऐवजी माठ खाल्ला तर चालेल का? (एक वाचक, सातारा)

उत्तर : दोन्ही प्रश्नांच्या मुळाशी पालकातील ऑक्झॅलिक आम्ल आहे. त्याचा कॅल्शियमशी संयोग झाला की बारीक स्फटिक तयार होतात आणि जिभेला दातांवरची ती खरखर जाणवते. मुतखड्याचा सर्वाधिक आढळणारा प्रकारही कॅल्शियम ऑक्झॅलेटचाच असतो. पालक उकळून त्याचे पाणी फेकून दिल्यास या आम्लाचा विरघळणारा भाग बराच कमी होतो, पण त्या पाण्याबरोबर क जीवनसत्त्वही जाते. ताक किंवा पनीर सोबत असेल तर त्यातील कॅल्शियम हे आम्ल आतड्यातच बांधून ठेवते आणि ते रक्तात कमी उतरते; या दृष्टीने पालकात ताक घालण्याची आपल्याकडची रीत शहाणपणाची आहे. माठ मात्र पालकाला पर्याय नाही, कारण त्यातही ऑक्झॅलेट भरपूर असते, आणि चाकवताचीही तीच गत आहे. मेथी किंवा कोबी त्या मानाने सोयीचे. तरीही खडा कोणत्या प्रकारचा होता हे डॉक्टरांना विचारूनच पथ्य ठरवावे.

प्रश्न : रक्त वाढावे म्हणून मुलीला रोज ताकातला पालक देते. फायदा होईल ना? (एक वाचक, लातूर)

उत्तर : भाजी अवश्य द्यावी, पण त्या कारणासाठी तिच्यावर विसंबू नये. 100 ग्रॅम कच्च्या पालकात सुमारे अडीच ते तीन मिलिग्रॅम लोह असते आणि त्यातील थोडेच अंगी लागते, कारण पानांतीलच काही घटक ते अडवून धरतात. ताकातील कॅल्शियमही त्याच्या शोषणाच्या आड येते. म्हणजे जी गोष्ट मागच्या उत्तरात गुणाची ठरली, ती येथे अडचणीची ठरते. लोहासाठी द्यायचा असेल तर पालक तूरडाळीत शिजवावा आणि ताटात वाढल्यावर वर लिंबू पिळावे. लोखंडी कढई वापरल्यास थोडे लोह भाजीत उतरते. मात्र तिच्यात आंबट पदार्थ ठेवू नये, भाजी काळी पडते आणि चव कडवट होते. मुलीचे हिमोग्लोबिन कमी असल्याचे तपासणीत दिसले असेल, तर औषध डॉक्टरांकडूनच घ्यावे.

प्रश्न : तुम्ही नेहमी ताकातल्या भाजीचेच कौतुक करता, आमच्या डाळभाजीला कधी विचारणार? (एक वाचक, नागपूर)

उत्तर : तक्रार मान्य आहे. विदर्भातील लग्नाची पंगत डाळभाजीशिवाय पुरी होत नाही, हे आम्हीही जेवून पाहिले आहे. तेथे तूरडाळ आणि थोडी हरभराडाळ शिजवून त्यात पालक घालतात, सोबत आंबट चुका असतो, दाणे आणि खोबऱ्याचे काप असतात, आणि वरून लसूण व लाल मिरचीची झणझणीत फोडणी पडते. आंबटपणा चुक्यातून येत असल्याने ताकाची गरज पडत नाही. चुका मात्र डाळ शिजल्यावरच घालावा. कारण वर आलेच आहे.

प्रश्न : येथे ताजा पालक महाग पडतो, म्हणून गोठवलेला आणते. पाकिटावर ‘रामश्पिनाट’ असे काहीसे लिहिलेले असते. त्याची पातळ भाजी चांगली होत नाही. ताकाचे काय करावे? (एक वाचक, जर्मनी)

उत्तर : नावात राम असला तरी आपल्या भाजीच्या दृष्टीने त्यात काही राम नाही. जर्मन भाषेत ‘राम’ म्हणजे मलई. तो पालक मलई घालून तयार केलेला असतो. तुम्ही ‘ब्लाटश्पिनाट’ लिहिलेले पाकीट घ्यावे, त्यात नुसती पाने असतात. ती गोठवण्याआधी उकळत्या पाण्यातून काढलेली असतात, म्हणून पुन्हा शिजवायची नाहीत. बर्फ सुटल्यावर पाणी हलकेच पिळून, गरम करून, लगेच घोटावीत. ताकासाठी ‘बुटरमिल्श’ उत्तम, ते पुरेसे आंबट असते. दाट वाटल्यास त्यात पाव भाग पाणी मिसळावे.

प्रश्न : रात्री उरलेली पालकाची भाजी सकाळी खावी का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : ओट्यावर रात्रभर राहिलेली खाऊ नये. पालकात नायट्रेट असते आणि भाजी उबेत पडून राहिली की जिवाणूंमुळे त्याचे नायट्राइट होते. जेवणे आटोपल्यावर लगेच लहान डब्यात काढून फ्रिजमध्ये ठेवली असेल, तर दुसऱ्या दिवशी हव्या तेवढ्याच भागाला एकदा नीट उकळी आणून खाण्यास हरकत नाही. बेसनामुळे ती घट्ट झालेली असते, तेव्हा थोडे गरम पाणी घालावे. मी मात्र तिची थालीपीठे लावते. वाटीभर भाजीत मावेल तेवढे ज्वारीचे पीठ, मूठभर कणीक, तीळ आणि थोडे तिखट घालून, वेगळे पाणी न घालता पीठ मळते आणि तव्यावर थापून, मधोमध भोक पाडून, तेल सोडून खरपूस भाजते.