मैत्रिणींच्या फराळासाठी एफडी मोडू का?

डोंबिवलीहून एका ताईंचं पत्र आलं आहे. त्या आणि त्यांच्या सोसायटीतल्या तीन मैत्रिणी गेली बरीच वर्षं दिवाळीचा फराळ एकत्र करतात. शनिवार-रविवारी आज हिच्या घरी, उद्या तिच्या घरी. एकीने भाजणी मळायची, दुसरीने सोऱ्या फिरवायचा, तिसरी कढईपाशी, चौथी डबे भरणार. गेल्या वर्षी ऑफिसातल्या आणि सोसायटीतल्या लोकांनी मागितलं म्हणून त्यांनी ऑर्डरी घेतल्या. सरासरी ६४० रुपये किलोने ९६ किलो फराळ विकला, ६१,४४० रुपये आले. सामानाला ३४,००० लागले. उरलेले २७,४४० चौघींनी वाटून घेतले, म्हणजे प्रत्येकी ६,८६०.

यंदा मैत्रिणी म्हणतात, ४०० किलो करू. तीन महिन्यांसाठी गाळा भाड्याने घेऊ, चकलीचं मशीन आणि मोठा फ्रायर आणू. खर्च चार लाख, प्रत्येकीचा वाटा एक लाख. ताईंकडे तीन लाखांची एक एफडी आहे. वडिलांनी दिलेले पैसे, मुदत मे २०२७. त्यातून लाख काढावेत का, असा प्रश्न आहे. घरात पतींचा पगार ७८,०००, त्यांचा स्वतःचा २२,०००, घराचा हप्ता ३१,०००, बचत खात्यात साधारण ४०,०००, आणि मुलगी बारावीला. "नाही म्हटलं तर मैत्रिणींना काय वाटेल, याचीच जास्त काळजी वाटते," असंही त्यांनी लिहिलं आहे.

ताई, उत्तर आधीच सांगते. एफडी मोडू नका, आणि यंदा एक लाख घालू नका. ऑर्डरी मात्र जरूर घ्या. गेल्या वर्षीपेक्षा जास्त घ्या.

आता कारणं. तुमच्या पत्रात एक ओळ अशी आहे की "दिवाळीआधीचे चार शनिवार-रविवार मी घरी नव्हतेच, त्यामुळे साफसफाईला माणसं लावली, रविवारी जेवण बाहेरून मागवलं." साफसफाईचे २,८०० आणि चार रविवारच्या जेवणाचे प्रत्येकी ७०० धरून २,८००, हे आकडेही तुम्हीच दिले आहेत. पण ते फराळाच्या हिशेबात नाहीत, घरखर्चात गेले आहेत. मला ते फराळाच्या वहीत हवे आहेत. शिवाय गॅस, डबे, पिशव्या, पोहोचवायला लागलेली रिक्षा हा खर्चही चौघींनी आपापल्या घरातून केला. तुमच्या अंदाजाने तो सगळा मिळून ७,००० होतो. तो वजा केला की नफा राहतो २०,४४०, म्हणजे प्रत्येकी ५,११०. त्यातून तुमच्या घराने भरलेले ५,६०० काढा. तुमच्या घरात गेल्या दिवाळीत फराळाच्या धंद्याने ४९० रुपये कमी झाले.

हे वाचून वाईट वाटून घेऊ नका. तुम्ही काम उत्तम केलं, लोकांनी परत मागितलं, ही खरी कमाई आहे. पण जाळी-जळमटं काढणं, पडदे धुणं, रविवारचा स्वयंपाक ही कामं एरवी तुम्ही फुकट करता, म्हणून ती हिशेबात दिसत नाहीत. तुम्ही त्या वेळात दुसरीकडे राबलात की त्यांचं बिल येतं. घरगुती धंद्यात बायका हाच आकडा सगळ्यात जास्त वेळा सोडून देतात, आणि मग "नफा झाला" म्हणून पुढच्या वर्षी मोठी उडी घेतात.

तासांचंही तसंच आहे. चार जणी, चार आठवडे, शनिवार-रविवार रोज सहा तास, म्हणजे १९२ तास. किलोमागे दोन तास. २०,४४० रुपयांना १९२ ने भागलं तर तासाला १०६ रुपये पडतात. बाजारहाट, फोनवरच्या ऑर्डरी, पैशांची आठवण करून देणं हे तास तर मी धरलेलेच नाहीत.

आता ४०० किलोकडे येऊ. मशीनमुळे चकली आणि शेव पाडणं भरभर होईल, हे खरं. पण भाजणी भाजणं, बेसन मंद आचेवर परतणं, लाडू वळणं, करंजीत सारण भरून ती कातणं, चिवड्याचे पोहे निवडणं, वजन करून डबे भरणं हे हातानेच होणार. म्हणून किलोमागे दोनाचे दीड तास झाले असं धरते. ४०० किलोला ६०० तास. तुम्ही चौघी मिळून १९२ देऊ शकता. उरलेले ४०८ तास मदतनीस लागतील. तासाला १०० रुपये दिले तर ४०,८०० झाले. सामान घाऊक घेतलं म्हणून ३४० रुपये किलो धरलं तरी १,३६,०००. गाळ्याचं भाडं तुम्ही महिना १८,००० लिहिलंय, तीन महिन्यांचे ५४,०००. गॅस, डबे, वाहतूक किलोमागे ८० धरून ३२,०००. एकूण २,६२,८००. आणि ४०० किलो ६४० ने विकून येणार २,५६,०००. म्हणजे सगळा माल विकला गेला, एकही डबा परत आला नाही, तरी ६,८०० रुपये तोटा. यात मशीनचा एक रुपयाही धरलेला नाही.

गाळा काढून टाकला की हाच हिशेब नफ्यात येतो, हे तुमच्या लक्षात आलंच असेल. त्या गाळ्याबद्दल मला आणखी एक गोष्ट खटकली. करार तुमच्या नावावर करायचं चाललंय, "कारण मला पगाराची स्लिप आहे." भाडेकरार सहसा अकरा महिन्यांचे असतात आणि त्यात आधी सोडता न येण्याची मुदत घातलेली असते. तीन महिन्यांनी गाळा सोडायचा म्हटलं तर मालक उरलेलं भाडं तुमच्याकडे मागेल, तिघींकडे नाही. आणि चौघींनी मिळून धंदा करून नफा वाटून घ्यायचं ठरवलं की १९३२ च्या भागीदारी कायद्याने ती भागीदारीच होते, तोंडी ठरलेली असली तरी. अशा भागीदारीत धंद्याचं सगळं देणं कुठल्याही एका भागीदाराकडून वसूल करता येतं. ज्या घरात पगाराची स्लिप आहे, त्या घरावर आधी बोट ठेवलं जातं. म्हणून सही तुमची नको.

पैशांइतकीच अडचण दिवसांची आहे. यंदा अधिक ज्येष्ठ आल्याने सण पुढे गेले आहेत. दसरा २० ऑक्टोबरला आणि लक्ष्मीपूजन रविवारी ८ नोव्हेंबरला. दोन्हींच्या मध्ये दोनच पूर्ण शनिवार-रविवार मिळतात, २४-२५ ऑक्टोबर आणि ३१ ऑक्टोबर-१ नोव्हेंबर. त्याआधी पितृपक्ष आणि नवरात्र. तुमच्यापैकी एकीकडे घट बसतात, ती तेव्हा कढईपाशी येणार नाही. फार आधी तळून ठेवलं तर गिऱ्हाईक बरोबर ओळखतं, तेलाचा वास लपत नाही. बेसनलाडू आणि करंज्या तर शेवटीच कराव्या लागतात. ४०० किलो या दिवसांत बसत नाहीत, मग हातात चार लाख असोत की चाळीस.

माझ्या मते यंदा १८० किलोवर थांबा. भाव ७०० करा. घरचं, ताजं, ओळखीच्या हातचं असेल तर तुमच्या गिऱ्हाइकांना साठ रुपये जड जाणार नाहीत. नवरात्राआधीच्या आठवड्यांत भाजणी भाजून दळून आणा, सुकामेवा कापून ठेवा, लेबलं छापून घ्या. दसऱ्यानंतर दोन मावश्या १४ दिवस, रोज सहा तास कामाला घ्या. ते १६८ तास आणि तुमचे १९२, असे ३६० झाले. १८० किलोला दोन तासांच्या मापाने तेवढेच लागतात.

जागेसाठी गाळा नको, ओळखीचा केटरर गाठा. तुळशीचं लग्न होईपर्यंत लग्नाचे मुहूर्त नसतात, त्यामुळे ऑक्टोबरात केटररचं स्वयंपाकघर बरेच दिवस मोकळं असतं. मोठ्या शेगड्या, मोठ्या कढया, व्यावसायिक गॅस सगळं तिथे असतं. हे महत्त्वाचं आहे, कारण घरगुती १४.२ किलोचा सिलिंडर धंद्याला वापरता येत नाही. दिवसाला हजार रुपये भाडं धरलं आणि दहा दिवस लागले तर १०,०००.

हिशेब असा होतो. विक्री १,२६,०००. सामान ३४५ ने ६२,१००. गॅस, डबे, वाहतूक १३,५००. मावश्यांचे १६,८००. स्वयंपाकघराचे १०,०००. उरतात २३,६००, म्हणजे प्रत्येकी ५,९००. आकडा लहान दिसेल, पण गेल्या वर्षीच्या खऱ्या ५,११० पेक्षा तो जास्त आहे. शिवाय तुमच्या चौघींचे तास तेवढेच राहतात आणि तासाला १२३ रुपये पडतात.

भांडवलाचं म्हणाल तर ऑर्डर घेतानाच निम्मे पैसे घ्या. १,२६,००० चे निम्मे ६३,०००, त्यात सगळं सामान येतं. राहिलेल्या ४०,३०० साठी चौघींनी प्रत्येकी १०,००० काढावेत. तुमचे दहा हजार पगारातून दोन-तीन महिन्यांत बाजूला पडतील. आगाऊ पैसे मागायला संकोच वाटतो हे मला ठाऊक आहे. पण जो आज निम्मे देत नाही, तो दिवाळीनंतर पूर्ण देईलच असं धरून मी तुम्हाला तेल विकत घ्यायला सांगणार नाही. मध्येच पैसे अडकले तरी एफडी मोडू नका, तिच्यावर ओव्हरड्राफ्ट घ्या, म्हणजे ती तारण ठेवून लागतील तेवढेच पैसे बँकेकडून उचला. बँका साधारण एफडीच्या दरापेक्षा एक ते दोन टक्के जास्त लावतात. ३०,००० रुपये साडेआठ टक्क्यांनी दोन महिने वापरले तर व्याज ४२५ रुपये होईल. एफडी मोडली तर जितके दिवस ठेवली त्या मुदतीचा दर मिळतो, आणि बऱ्याच बँका त्यातूनही अर्धा ते एक टक्का कापतात.

तुमच्या घराला दोघांचे पगार आहेत, पण हाताशी फक्त ४०,००० आहेत. हप्ता आणि घरखर्च धरता ते महिनाभरही पुरणार नाहीत. म्हणजे ही एफडी मुलीच्या प्रवेशाची आहे, आणि घरात कुणी आजारी पडलं तर तीच आधाराची आहे. एकाच पैशावर दोन जबाबदाऱ्या आहेत. तिसरी टाकू नका.

कागदपत्रांचं थोडं. घरून विकत असलात तरी एफएसएसएआयची, म्हणजे अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, नोंदणी लागते, आणि तिचा १४ आकडी क्रमांक पाकिटावर छापावा लागतो. तळणाचं तेल पुन्हापुन्हा वापरण्यालाही मर्यादा आहे, त्यामुळे सामानाच्या खर्चात टाकून द्यायचं तेल धरा. जीएसटीची महाराष्ट्रातली ४० लाखांची मर्यादा तुमच्यापासून फार लांब आहे. पण बंगळुरूच्या किंवा हैदराबादच्या गिऱ्हाइकाला तुम्ही स्वतः माल विकून पाठवलात तर पहिल्या डब्यापासून नोंदणी लागते. अशांना सांगा की डोंबिवलीतल्या नातेवाइकाने डबा तुमच्याकडून घ्यावा आणि त्याने कुरियर करावा. नफ्याचा वाटा विवरणपत्रात दाखवा. व्यवसायाचं उत्पन्न आलं की पगारदारांचा 'सहज' नावाचा फॉर्म (आयटीआर-१) चालत नाही.

आता मैत्रिणींचं. तुम्हाला वाटतं की नाही म्हटल्याने नातं बिघडेल. मला भीती उलटी वाटते. चौघींपैकी दोघी नोकरीला जातात, दोघी घरी असतात. आठवड्याच्या दिवसांत मावश्यांवर लक्ष ठेवायचं काम घरी असणाऱ्या दोघींवर पडणार. नफा सारखा वाटला तर त्या बोलणार नाहीत, पण मनात ठेवतील. म्हणून आधी तासांचे पैसे लावा, रोज वहीत कोण किती तास होती ते लिहा, आणि त्यातून उरलं तर ते सारखं वाटा. खातं एक, पैसे काढायला दोघींच्या सह्या. एकीला मध्येच थांबावं लागलं तर तिचे दहा हजार कधी परत द्यायचे, तेही आत्ताच लिहून ठेवा.

आणि एक शनिवार-रविवार असा ठेवा की ज्यात एकही ऑर्डर नाही, फक्त तुमच्या चार घरांचा फराळ. गेल्या वर्षी तो राहून गेला आणि आपल्याच घरात बाहेरचे अनारसे आले, हे तुम्ही लिहिलंत. ते वाचून मलाही चुकल्यासारखं वाटलं.

रविवारी मैत्रिणींबरोबर बसाल तेव्हा माझा हिशेब त्यांच्यापुढे ठेवा. "मला जमणार नाही" असं म्हणू नका, "१८० किलो करू, दहा-दहा हजार काढू" असं म्हणा. तुमच्यातल्या ज्या मैत्रिणीला मोठं करायचंच आहे, तिला पुढच्या जानेवारीत खरे आकडे हातात घेऊन पुन्हा बोलता येईल. तेव्हा मशीन घ्यायचं की नाही हे वहीतले तास सांगतील.

एक काम मात्र या आठवड्यात करा. बँकेत जाऊन एफडीचं आपोआप नूतनीकरण सुरू आहे का ते बघा, असेल तर बंद करा. प्रवेशाच्या फेरीत जागा मिळाली की फी भरायला मोजकेच दिवस मिळतात, त्या वेळी पैसे खात्यात मोकळे पडलेले हवेत.