शासकीय कार्यालयाच्या खरेदी-निविदा शाखेत नोकरी घ्यावी का? एल-वनचं बंधन असताना चांगला माल घेता येतो का?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात. एमबीए झालंय, सांगलीत एका शासकीय यंत्रणेत खरेदी आणि करार बघायचं कंत्राटी पद मिळतंय, ते घ्यावं का? आणि सगळ्यात कमी दरवाल्यालाच ऑर्डर द्यायची असेल तर त्या खुर्चीत बसून करायचं काय? पहिल्याचं उत्तर शेवटी देते. दुसरा प्रश्न वाचून मात्र गप्प बसवेना. आमच्या एका साहेबांनी मला नोकरीभर हेच ऐकवलं होतं, "एल-वनला द्यायचं म्हटल्यावर माल असाच येणार."

हे साफ खोटं आहे. एल-वन म्हणजे बाजारातला सगळ्यात स्वस्त माल नव्हे. तांत्रिक लिफाफ्यात, म्हणजे दर उघडण्याआधीच्या पात्रतेच्या छाननीत, जे पात्र ठरले त्यांच्यातला सगळ्यात कमी दर, एवढाच त्याचा अर्थ. पात्रता कोण ठरवतं? मालाचा तपशील कोण लिहितं? आपणच. "उत्तम प्रतीची पावडर, गोणीबंद" एवढंच लिहून निविदा महाटेंडरवर, म्हणजे राज्याच्या ई-निविदा संकेतस्थळावर, चढवली तर नंतर कुणाच्या नावानं बोटं मोडायची?

मी पाणीपुरवठ्याला लागणाऱ्या रसायनांची खरेदी बघायचे. तुरटी, टीसीएल, क्लोरीनचे सिलिंडर. कार्यालयाचं नाव लिहीत नाही. टीसीएल म्हणजे गावागावांत टाकीत टाकतात ती ब्लीचिंग पावडर. ताज्या पावडरीत उपलब्ध क्लोरीन साधारण ३३ टक्के असतो. ऊन आणि दमट हवा लागली की तो उडत जातो. २० टक्क्यांच्या खाली गेला की प्रयोगशाळा ती पावडर वापरायला अयोग्य म्हणून कळवते. पण पावडर दिसायला पांढरीच राहते, वजनही भरतं, त्यामुळं चलन आणि साठा नोंदवही दोन्ही बिनचूक जुळतात.

मी आले तेव्हा पद्धत अशी होती की मार्च एंडला निधी परत जाऊ नये म्हणून वर्षाचा सगळा माल एकदम उतरवून घ्यायचा. मग एप्रिल-मेचं ऊन पत्र्याच्या गोदामात, त्यावर पावसाळा. ज्या दिवसांत पावडरीची खरी गरज, त्याच दिवसांत ती मेलेली. यात एल-वनचा काय दोष? मी वर्षाचा दर करार आणि टप्प्याटप्प्यानं पुरवठा असा मसुदा मांडला. अटी टाकल्या: माल आयएस १०६५ या ब्लीचिंग पावडरीच्या भारतीय मानकाप्रमाणे, पोत्यावर बॅच नंबर आणि निर्मितीचा महिना, प्रत्येक खेपेचा नमुना प्रयोगशाळेत, अहवालाशिवाय बिल नाही. नाकारलेला माल ठरलेल्या मुदतीत बदलून दिला नाही तर त्याच्या जोखमीवर आणि खर्चावर दुसरीकडून खरेदी, दरातला फरक त्यानं आधी भरलेल्या सुरक्षा अनामतीतून वसूल. ही फाईल किती टेबलांवर फिरून आली ते सांगत बसत नाही. "एवढ्या अटी टाकल्या तर निविदाच येणार नाहीत" असा शेरा तिच्यावर पडला होता. निविदा आल्या.

मग २०१९ चा महापूर. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट, ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. पलूस, वाळवा, मिरज, शिराळा, नदीकाठची गावंच्या गावं पाण्यात. पाणी ओसरायला लागलं की पहिली मागणी टीसीएलची येते, कारण विहिरी, आड, टाक्या सगळ्यात पुराचं पाणी घुसलेलं असतं. रस्ता मोकळा झाल्याबरोबर पुरवठादाराचा ट्रक आला. मी स्वतः गोदामात गेले आणि मधल्या थरातलं पोतं काढायला लावलं. (वरची पोती कधीच बघू नका, ती दाखवायचीच असतात.) एरवी टीसीएलचं तोंड सोडलं की नाकात झोंबतं, डोळ्यांत पाणी येतं. या पोत्याला वासच नव्हता. हात घातला तर मुठीएवढे ओलसर गठ्ठे. निर्मितीचा महिना छापला होता तिथं काहीतरी घासून पुसलेलं, फक्त साल वाचता येत होतं.

मी माल उतरवू दिला नाही. पंचनामा केला, नमुन्याचे तीन भाग सीलबंद केले: एक प्रयोगशाळेला, एक पुरवठादाराच्या माणसाला, एक आमच्याकडं. साहेब तिथंच सगळ्यांसमोर म्हणाले, "मॅडम, गावं बुडालीत आणि तुम्ही पोती हुंगत बसलाय? घ्या उतरवून, नंतर बघू." मी सांगितलं, "साहेब, तसं फाईलवर लिहून द्या, लगेच घेते." त्यांनी लिहून दिलं नाही. अहवाल आला, १७ टक्के.

हजार लिटरला अडीच ग्रॅम हे माप ३३ टक्क्यांच्या पावडरीचं आहे. गावातला जलसुरक्षक, म्हणजे टाकीत पावडर टाकणारा माणूस, तेच माप हातात घेऊन येतो, १७ टक्क्यांच्या पावडरीतून पाण्याला निम्माच क्लोरीन मिळतो. ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यातला क्लोरीन रंगावरून बघायची चाचणी, केली तर पिवळा रंग चढत नाही म्हणून कळेल, पण स्वतःचं घर चिखलानं भरलेलं असताना तो टेस्ट कधी करणार? आणि पुराच्या पाण्याला क्लोरीन एरवीपेक्षा जास्त लागतो. कागदावर "शुद्धीकरण केले" अशी नोंद पडली असती आणि त्याच टाकीतून लेकरं पाणी प्यायली असती. ज्या दिवशी पावडर चांगली नसून चालणारच नाही, नेमक्या त्याच दिवशी तपासणी सोडा, असं साहेबांचं म्हणणं होतं. आणीबाणीत तपासणी लवकर उरकायची असते, टाळायची नसते.

आम्ही शिल्लक साठ्यातली तपासलेली पोती आधी बुडालेल्या गावांना लावली. करारातल्या जोखीम आणि खर्चाच्या अटीवर बोट ठेवून तातडीच्या मंजुरीनं दुसरीकडून माल उचलला आणि फरक अनामतीतून कापला. पुरवठादार पत्रापत्री करत राहिला, पण करारावर त्याचीच सही होती. आणि ऐका, दुसरीकडून आलेला तो चांगला माल ज्याचा होता, तो आदल्या निविदेत थोडक्या पैशांनी एल-टू, म्हणजे दुसऱ्या क्रमांकाच्या कमी दराचा, ठरलेला. म्हणजे चांगला माल एल-वनच्या दराच्या आसपासच मिळत होता. पहिल्यानं स्वस्तात दिला म्हणून पावडर खराब नव्हती. जुना साठा खपवायला त्याला पूर सापडला होता.

साहेब निवृत्त झालेत. अजूनही लग्नाकार्यात भेटले की चार माणसांत सांगतात, "या मॅडमनी पुरात ट्रक अडवला होता." हो, अडवला होता. त्याच गोदामात पुन्हा तसा ट्रक आला तर पुन्हा अडवावा, असंच मी माझ्या जागी आलेल्या मुलीला सांगून आलेय.

आता तुमची नोकरी. घ्या, पण आधी एक गोष्ट विचारून घ्या: माल तपासून घेण्यात तुमचा हात असणार आहे, की फक्त निविदा अपलोड करणं आणि तुलनात्मक तक्ते बनवणं? दुसरं असेल तर एमबीएची गरज नाही, वर्षभरात कंटाळाल. ही शाखा शिकायची ती गोदामात आणि बिलाच्या टेबलावर. निविदा उघडण्याच्या दिवशी सगळे हजर असतात, माल उतरतो तेव्हा कुणी नसतं. तीन दरपत्रकांवरच्या छोट्या खरेदीकडंही डोळे उघडे ठेवून बघा. तीन वेगवेगळ्या दुकानांच्या लेटरहेडवर "रुपये" हा शब्द एकाच तऱ्हेनं चुकलेला मी पाहिलाय. आणि ई-निविदा चुकवायला कुणी एका खरेदीचे तुकडे पाडायला सांगितले तर टिपणीवर तुमचं मत लिहा. तोंडी नकाराला ऑडिटमध्ये किंमत नसते.

"खरेदीत आहे म्हणजे वरकमाई असणार" हे नातेवाईक बोलणारच. माझे सख्खे दाजी बोलले. त्रास होतो, खोटं कशाला सांगू. सवय मात्र होत नाही.

हे सगळं मी माल खरेदीबद्दल बोलतेय. रस्ते, इमारती, पाइपलाइन अशा कामांच्या निविदा, बी-वन नावाचा कराराचा नमुना, मोजमाप पुस्तिका, दोष दायित्व कालावधी, हे वेगळं जग आहे. तिथं अंदाजपत्रकापेक्षा फारच खालचा दर येतो तेव्हा एल-वनबद्दलची तक्रार बरीचशी खरीही असते, म्हणून तर जादा सुरक्षा ठेव घेतात. खरेदीची नियमपुस्तिका १ डिसेंबर २०१६ च्या शासन निर्णयाची, पण त्यात नंतर बदल होत गेलेत, तेव्हा मर्यादा आणि रकमा माझ्या उत्तरावरून धरू नका, चालू शासन निर्णय काढून वाचा. पद अकरा महिन्यांच्या करारावरचं असेल तर सहीचे अधिकार बहुधा तुमच्याकडं नसतील. मग स्वीकृतीच्या दाखल्यावर "तपासले" म्हणून तुमची सही कुणी मागितली तर आधी तो अधिकार देणारा कार्यालयीन आदेश मागून घ्या, आणि त्याची झेरॉक्स घरी ठेवा.