"बिअरच तर आहे, आई"

प्रश्न : मुलगा २० वर्षांचा. नागपुरात हिंगणा रोडला रूम करून राहतो, इंजिनिअरिंगचं दुसरं वर्ष. मागच्या महिन्यात न कळवता गेले, तर पलंगाखाली बिअरच्या सात-आठ रिकाम्या बाटल्या. म्हणाला, "आई, शनिवारी सगळेच घेतात. बिअरच तर आहे, दारू थोडीच आहे!" त्याच्या बाबांना अजून सांगितलं नाही. त्याला घरी परत आणू का?
– एक आई, वर्धा

उत्तर : ताई, आधी त्या बाटलीचं बोलू, कारण मुलं तिथेच फसतात. लेबलवर 'स्ट्राँग' असेल तर आत आठ टक्क्यांपर्यंत अल्कोहोल असतं. ६५० मिलीच्या अशा एका बाटलीतून पोटात जातं जवळपास ४० ग्रॅम. व्हिस्कीच्या ३० मिलीच्या पेगमध्ये असतं १०. म्हणजे एक बाटली, चार पेग. जागतिक आरोग्य संघटना एका बैठकीत ६० ग्रॅमच्या पुढचं पिणं धोक्याचं धरते. तुमचा मुलगा दीड बाटलीत तिथे पोचतो. मी रेक्टर असताना हा हिशेब फळ्यावर मांडला, तेव्हा मागे बसलेला एक पोट्टा "चार? काहून सांगता मॅडम!" म्हणत पुढे आला आणि स्वतः गुणाकार करून गप्प जागेवर गेला. तुम्हीही वहीच्या पानावर मांडून दाखवा. आणि 'सगळेच घेतात' हे खरं नाही. दुसरे किती पितात याचा मुलांचा अंदाज नेहमी फुगलेला असतो.

परत आणू नका. वर्ध्यात १९७५ पासून दारूबंदी आहे, पण तेवढ्यावर तो सुटेल असं धरू नका.

आता जे मला अजून सलतं ते सांगते. एका रात्री दीड वाजता मुलांनी दार वाजवलं. खोलीत एक मुलगा उताणा पडलेला, ओठ निळसर, घशात घरघर, आणि मित्र त्याच्या तोंडात लिंबूपाणी ओतत होते. त्याला कुशीवर वळवलं, पाठीशी गादीची गुंडाळी लावली, १०८ ला फोन केला. तो वाचला. पण ही मुलं तासभर आधी माझ्या दारापर्यंत येऊन परत गेली होती. मॅडम घरी कळवतील, या भीतीनं.

लिंबूपाणी, कॉफी, थंड पाण्याची आंघोळ, कशानंही दारू उतरत नाही. यकृत तासाला जेमतेम एक पेग निस्तरतं. शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात तर काहीच घालायचं नसतं, नाही तर ते श्वासनलिकेत जातं.

म्हणून त्याला सांगा: "स्वतःसाठी किंवा मित्रासाठी रात्री कितीही वाजता फोन कर, त्या रात्री मी एक शब्द बोलणार नाही." हा शब्द पाळा. त्याच्याकडून मात्र एक वचन घ्या, पिऊन गाडीला हात लावायचा नाही आणि पिणाऱ्याच्या मागेही बसायचं नाही. महाराष्ट्रात बिअरसाठीसुद्धा वय २१ लागतं, हेही एकदा सांगून ठेवा.

तो एकटा प्यायला लागला, सकाळीच घ्यायला लागला किंवा पेपर बुडवू लागला, तर १४४१६ वर फोन करा. टेलि-मानस ही मानसिक आरोग्यासाठीची सरकारी फोनसेवा मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. नागपुरात 'मेडिकल'च्या, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलच्या, मानसोपचार ओपीडीतही दाखवता येईल.

येत्या शनिवारी दुपारीच जा, डबा घेऊन. बाबांना सांगायचंच आहे, पण मुलाशी बोलून झाल्यावर. आणि सांगणार आहात, हे त्याला आधी तुमच्याकडूनच कळू द्या.