दीडशे मुलांच्या वर्गात क्लिनिकल फार्माकॉलॉजी कशी शिकवावी?

नुकतेच शिकवायला लागलात, स्लाइड सुरू झाल्या की मुलं पेंगतात आणि दीडशे जणांत 'ॲक्टिव्ह लर्निंग' (मुलांनी नुसतं न ऐकता स्वतः विचार करून शिकणं) जमेल का, असं तुम्ही विचारलंय. मी नाशिकला सेकंड एमबीबीएसला हाच विषय शिकवतो. जमतं. मात्र तुम्ही उत्तर सांगायच्या आधी प्रत्येकाने आपला निर्णय कागदावर लिहिलेला हवा.

माझं ठरलेलं उदाहरण आमच्या द्राक्षपट्ट्यातलं आहे. निफाडकडचा शेतकरी, ऑर्गॅनोफॉस्फेट गटातल्या कीटकनाशकाची विषबाधा. घामाने चिंब, तोंडाला फेस, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, छातीत घरघर. हातात ॲट्रोपीन या उताऱ्याच्या, प्रत्येकी ०.६ मिलिग्रॅमच्या अँप्यूल. किती देणार? दोन मिनिटं, शेजाऱ्याशी न बोलता लिहा. मग शेजाऱ्याला पटवा, मग हात वर करा. बहुतेक जण एक किंवा दोन लिहितात.

त्यानंतर मी फळ्यावर मांडतो: आधी ३ अँप्यूल. पाच मिनिटांनी छाती ऐकायची, फरक नसेल तर दुप्पट. ३, ६, १२, २४. पंधराव्या मिनिटापर्यंत ४५ अँप्यूल! वर्ग चिडीचूप होतो आणि पुढचे प्रश्न मुलंच विचारतात. थांबायचं कधी? छाती मोकळी झाली, ठोके आणि वरचं बीपी ८० च्या वर गेलं की. नुसत्या बाहुल्या बघून नाही. मग हातापायांत ताकद का येत नाही? कारण स्नायूंवरच्या निकोटिनिक रिसेप्टरवर ॲट्रोपीन चालत नाही, म्हणून श्वासावर नजर ठेवायचीच. हेच मी पूर्वी लेक्चरमध्ये सांगायचो. कॅज्युअल्टीतून आलेल्या एका इंटर्नने मला विचारलं होतं, "सर, हा डोस आपल्याला शिकवला होता का?" शिकवला होता, स्लाइडवर होता. ते मला फार लागलं.

प्रॅक्टिकलला दहा-दहाचे गट करून पी-ड्रग, म्हणजे एखाद्या आजारासाठी आपलं पसंतीचं औषध ठरवण्याचा सराव, घ्या. गुणकारिता, सुरक्षितता, रुग्णाला सोयीचं आहे का, आणि किंमत, या चार कसोट्यांवर औषध निवडायचं. किंमत मुलांनी स्वतः मेडिकलमध्ये विचारून आणायची. ॲम्लोडिपिन या रक्तदाबाच्या एकाच गोळीच्या दोन ब्रँडच्या भावातला फरक पाहिला की पेठ-सुरगाण्याचा मजूर महिनाभर गोळी कशी घेणार, याचा विचार ती आपसूक करतात. वॉर्डात एखादी खरी ॲडव्हर्स रिॲक्शन (औषधाचा दुष्परिणाम) दिसली तर तिचा फॉर्मही त्यांनाच भरू द्या.

हे प्रत्येक तासाला करू नका, तुम्हीच थकाल. पंधरवड्यातून एक केस नीट तयार करा. आणि इंटर्नल परीक्षेत एक प्रश्न प्रिस्क्रिप्शन लिहून त्याची कारणं देण्याचा ठेवाच. नुसतं 'वर्गीकरण लिहा' विचारलंत, तर मुलं वर्गीकरणच पाठ करणार.