वाचकांचे प्रश्न : २६ नोव्हेंबर आणि कॅमेऱ्याची नजर

मुंबईवर २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री झालेला हल्ला आणि त्यानंतर ताजमहाल हॉटेल, ओबेरॉय-ट्रायडंट व नरिमन हाउस येथे २९ तारखेच्या सकाळपर्यंत चाललेले ओलीसनाट्य यांवर प्रसारमाध्यमांनी आणि जनतेने दिलेल्या प्रतिसादासंबंधी आमच्याकडे बरीच पत्रे आली. त्यांतील पाच पत्रांना येथे उत्तरे दिली आहेत. पत्रांचा मजकूर संक्षिप्त केला आहे.

प्रश्न : थेट प्रक्षेपणामुळे कमांडोंचे प्राण गेले, असे आमच्याकडे ठासून सांगितले जाते आणि सर्वोच्च न्यायालयाचा दाखलाही दिला जातो. हे कितपत खरे आहे? (एक वाचक, सोलापूर)

उत्तर : न्यायालय इतके पुढे गेलेले नाही, पण जे म्हटले आहे, ते वाहिन्यांना लाज वाटावी इतके पुरेसे आहे. अजमल कसाबच्या अपिलावर २९ ऑगस्ट २०१२ रोजी निकाल देताना न्यायमूर्ती आफताब आलम आणि न्यायमूर्ती चंद्रमौली कुमार प्रसाद यांच्या खंडपीठाने फाशीची शिक्षा कायम केली आणि त्याच निकालपत्रात वृत्तवाहिन्यांच्या वर्तनाचाही समाचार घेतला. प्रक्षेपणामुळे सुरक्षा दलांची प्रत्यक्ष जीवितहानी झाली की नाही, हे ठरवता येणार नाही, असे खंडपीठाने नमूद केले. मात्र त्यामुळे जवानांचे काम अतिशय अवघड आणि जोखमीचे झाले, याविषयी त्याला कोणतीही शंका नव्हती. हीच दृश्ये कारवाई आटोपल्यावर दाखवता आली असती, पण मग त्यांतला थरार ओसरला असता आणि टीआरपी चढला नसता, असा न्यायालयाचा शेरा आहे. अभिव्यक्तिस्वातंत्र्याची ढाल पुढे करून या वर्तनाचे समर्थन करता येणार नाही, असेही त्यात स्पष्ट म्हटले आहे.

या शेऱ्यामागे पुरावा होता तो फोनवरील संभाषणांचा. पाकिस्तानात बसलेले सूत्रधार समोर दूरचित्रवाणी लावून हल्लेखोरांशी बोलत होते. हॉटेलात मंत्री अडकले आहेत, त्यांना हुडकून काढा, असे ताजमधील हल्लेखोरांना सांगितले जात होते. खोल्यांना आग लावण्यासाठी त्यांच्यामागे लकडा लावला जात होता, कारण ज्वाळा दिसल्याशिवाय बाहेरच्या जगात दहशत बसणार नाही, हा हिशेब त्यांनी पक्का केला होता. शुक्रवारी, २८ तारखेच्या सकाळी, कुलाब्यातील नरिमन हाउसच्या गच्चीवर राष्ट्रीय सुरक्षा दलाचे कमांडो हेलिकॉप्टरमधून दोरावरून उतरले, तेव्हा ते दृश्य देशभरातील घराघरांत त्याच क्षणी दिसत होते. त्या इमारतीच्या मोहिमेत हवालदार गजेंद्र सिंह शहीद झाले, आणि लोकांच्या मनात या दोन गोष्टी एकमेकींना जोडल्या गेल्या त्या कायमच्याच. तसा संशय घेण्यास जागा आहे. पण संशय म्हणजे निष्कर्ष नव्हे, हे भान न्यायालयाने राखले आणि आपणही राखावे.

यात एक गोष्ट मात्र सोयीस्कर रीतीने झाकली जाते. महाराष्ट्राचे दहशतवादविरोधी पथक ही संभाषणे २७ तारखेपासूनच ऐकत होते, म्हणजे पलीकडचा माणूस वाहिन्या पाहून सूचना देतो आहे, हे पोलिसांना ठाऊक होते. असे असूनही मुंबईतील केबलचालकांना वृत्तवाहिन्या बंद ठेवण्याचा आदेश गेला तो २८ तारखेला, आणि तोही ओरड होताच थोड्याच वेळात मागे घेण्यात आला. पत्रकारांना पुरेशा अंतरावर रोखणारी नाकेबंदी नव्हती आणि ठरावीक वेळाने अधिकृत माहिती देणारा जबाबदार अधिकारीही समोर आला नाही. माहितीची ती पोकळी मग अफवांनी भरून काढली. शुक्रवारी सीएसटीवर पुन्हा गोळीबार झाल्याची खोटी बातमी पसरून शहरात पळापळ झाली, ती त्यातूनच.

हा धडा नवाही नव्हता. म्युनिक ऑलिंपिकच्या वेळी, ५ सप्टेंबर १९७२ रोजी, इस्रायली खेळाडूंना ओलीस ठेवलेल्या इमारतीच्या छपरावर जर्मन पोलीस खेळाडूंचे कपडे घालून चढले, तेव्हा आत बसलेल्यांनी ते दूरचित्रवाणीवर पाहिले आणि पोलिसांना तो बेत सोडून द्यावा लागला. आपल्या वाहिन्यांच्या आणि आपल्या गृहखात्याच्याही हाताशी हे उदाहरण ३६ वर्षे होते.

प्रश्न : मी अनेक वर्षे सीएसटीवरून लोकलने ये-जा करते आहे. हल्ल्याचा विषय निघाला की ताजचा जळता घुमटच का दाखवतात? स्थानकात मेलेल्यांची आठवण कोणाला का येत नाही? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : आपली तक्रार रास्त आहे आणि आकडे आपल्या बाजूने आहेत. सरकारी मोजदादीप्रमाणे या हल्ल्यात १६६ जणांचा बळी गेला. त्यांपैकी ५८ जण एकट्या सीएसटी स्थानकात मारले गेले, म्हणजे एक तृतीयांशाहून अधिक. दोन्ही हॉटेलांपैकी कोणत्याही एका ठिकाणी इतके मृत्यू झाले नाहीत.

कारणांपैकी एक निव्वळ तांत्रिक आहे. स्थानकातील हत्याकांड तासाभरात संपले, हल्लेखोर कामा रुग्णालयाच्या दिशेने निघून गेले आणि वाहिन्यांच्या गाड्या उभ्या राहीपर्यंत तेथे पाहण्याजोगे उरले होते ते रक्त आणि विखुरलेले सामान. ओलीसनाट्य मात्र एकाच जागी दिवसेंदिवस चालते, कॅमेरा रोखून ठेवता येतो, धूर दिसतो, गोळीबार ऐकू येतो आणि शेवट काय होणार हे कोणालाच माहीत नसते. चोवीस तास बातम्या देण्याचा धंदा असलेल्यांना याहून सोयीची घटना कोणती?

दुसरे कारण मात्र तांत्रिक नाही, आणि ते उघड बोलायला हवे. ज्यांनी बातम्या दिल्या, विशेषतः इंग्रजी वाहिन्यांवरून, त्यांचे ताजमध्ये जाणे-येणे होते; तेथे अडकलेले लोक त्यांच्या ओळखीचे होते, त्या जिन्यांच्या आणि उपाहारगृहांच्या त्यांच्या स्वतःच्या आठवणी होत्या. सीएसटीच्या बाहेरगावच्या गाड्यांच्या फलाटांवर ट्रंका आणि बोचकी घेऊन बसलेल्या माणसांशी तशी ओळख असण्याचा प्रश्नच नव्हता. अनोळखी मृत्यूंची संख्या होते आणि ओळखीच्या मृत्यूंची कहाणी होते, हा दुजाभाव त्या तीन दिवसांत ठळकपणे पाहायला मिळाला. मराठी वाहिन्या तेव्हा नुकत्याच, वर्ष-दीड वर्षापूर्वी सुरू झालेल्या होत्या; मराठी वृत्तपत्रांनी आणि त्यांनी हेमंत करकरे, अशोक कामटे, विजय साळसकर यांच्याविषयी पुष्कळ आणि आत्मीयतेने लिहिले-दाखवले, पण स्थानकातील प्रवाशांच्या बाबतीत त्यांचाही हात आखडताच राहिला.

ज्यांच्याकडे कॅमेरा वळलाच नाही, अशा दोघांचा येथे उल्लेख करतो. स्थानकातील उद्घोषक विष्णू झेंडे यांना आपल्या काचेच्या खोलीतून गोळीबार दिसत होता. प्रवाशांनी त्या बाजूला येऊ नये आणि मागच्या वाटेने बाहेर पडावे, अशी घोषणा ते हिंदी-मराठीतून पुन्हा पुन्हा करत राहिले आणि त्यामुळे कितीतरी माणसे वाचली. दुसरे साताऱ्याच्या जावळी तालुक्यातील केडंबे गावचे सहायक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे. गिरगाव चौपाटीच्या नाकाबंदीवर त्यांनी हातात फक्त लाठी असताना कसाबच्या बंदुकीची नळी धरून ठेवली आणि गोळ्या अंगावर घेतल्या. हल्ल्याचा कट कोठे शिजला, हे न्यायालयात सिद्ध करता आले ते प्रामुख्याने कसाब जिवंत हाती लागल्यामुळे. त्या क्षणाचे थेट प्रक्षेपण कोणत्याही वाहिनीवर नव्हते.

प्रश्न : हल्ल्यानंतर लाखो लोक रस्त्यावर उतरले, मेणबत्त्या लावल्या. त्यातून निष्पन्न काय झाले? (एक ज्येष्ठ वाचक, पुणे)

उत्तर : लगेचचा परिणाम मोठा होता. केंद्रीय गृहमंत्री शिवराज पाटील यांनी ३० नोव्हेंबरला राजीनामा दिला. मोठ्या शहरांत अशा छोट्या घटना घडतच असतात, या अर्थाचे हिंदी वाक्य बोलून बसलेले राज्याचे गृहमंत्री आर. आर. (आबा) पाटील दुसऱ्या दिवशी पायउतार झाले. ताजच्या पाहणीला जाताना अभिनेता मुलगा आणि एक चित्रपट दिग्दर्शक यांना बरोबर नेल्याची दृश्ये प्रसिद्ध होताच मुख्यमंत्री विलासराव देशमुख यांचेही आसन गेले. ३ डिसेंबरला, हल्ल्याला आठवडा झाला त्या दिवशी, गेटवे ऑफ इंडियाच्या परिसरात मुंगीलाही शिरायला जागा उरली नव्हती आणि घोषणा पाकिस्तानविरुद्ध होत्या तितक्याच, किंबहुना त्याहून अधिक, पुढाऱ्यांविरुद्ध होत्या. संसदेने त्याच महिन्यात राष्ट्रीय तपास संस्थेचा कायदा मंजूर केला. पुढील वर्षी राष्ट्रीय सुरक्षा दलाचा तळ मुंबईत आला आणि राज्याने ‘फोर्स वन’ हे कमांडो पथक उभारले.

पण त्या संतापाचा दम किती होता, हे ३० एप्रिल २००९ रोजी कळले. ज्या दक्षिण मुंबईत हे सारे घडले, त्या मतदारसंघात लोकसभेसाठी सुमारे ४० टक्केच मतदान झाले. विलासराव मे महिन्यात केंद्रात मंत्री झाले, आर. आर. पाटील त्याच वर्षअखेर पुन्हा गृहमंत्री झाले आणि शिवराज पाटील २०१० च्या आरंभी पंजाबचे राज्यपाल झाले. आबांच्या प्रामाणिकपणाविषयी या स्तंभलेखकाला आदरच आहे. परंतु राजीनामे मागणारी जनता वर्षभराने कोठे होती, हा प्रश्न पुढाऱ्यांना नव्हे, आपल्याला विचारायचा आहे. राग कॅमेऱ्यासमोर पेटला आणि कॅमेरा हलताच विझला, असेच याचे वर्णन करावे लागेल.

याला अपवाद ठरलेली एक कृती मला फार मोलाची वाटते. मारल्या गेलेल्या नऊ हल्लेखोरांना आपल्या कब्रस्तानात दफन करू देण्यास मुंबईतील मुस्लिम संस्थांनी नकार दिला. निरपराधांचे बळी घेणाऱ्यांना आम्ही आपले मानत नाही, अशी त्यांची भूमिका होती, आणि वर्ष उलटून गेले तरी त्या भूमिकेत बदल झाला नाही. ते मृतदेह जे. जे. रुग्णालयाच्या शवागारात पडून राहिले आणि अखेर जानेवारी २०१० मध्ये सरकारने त्यांचे गुपचूप दफन केले.

प्रश्न : कसाबला तुरुंगात बिर्याणी दिली जात होती का? (एक वाचक, नांदेड)

उत्तर : नाही. विशेष सरकारी वकील उज्ज्वल निकम यांनीच मार्च २०१५ मध्ये जयपूर येथे जाहीरपणे सांगितले की कसाबने बिर्याणी कधी मागितली नव्हती आणि ती त्याला दिलीही गेली नव्हती. न्यायालयात त्याचे डोळे पाणावल्याच्या बातम्यांमुळे त्याच्याविषयी सहानुभूतीची लाट उठू लागली होती, ती मोडण्यासाठी आपणच बिर्याणीची गोष्ट रचून सांगितली, असे निकम म्हणाले. हेतू काहीही असो, सरकार पक्षाच्या वकिलाने प्रसारमाध्यमांना खोटे सांगावे आणि त्यांनी ते न पडताळता छापावे, हे दोन्ही गैरच होते. कसाबला फाशी होऊन आज इतकी वर्षे झाली तरी ती बिर्याणी निवडणुकीच्या भाषणांत अजून शिजतेच आहे.

प्रश्न : मी पत्रकारितेची विद्यार्थिनी आहे. आता थेट प्रक्षेपणावर बंदी आहे, असे वर्गात शिकवले. मग प्रत्येकाच्या हातात मोबाइल असताना त्या बंदीला काय अर्थ उरतो? आणि आम्ही अशा वेळी करायचे तरी काय? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : नियम आहे. हल्ल्यानंतर महिन्याभरातच, डिसेंबर २००८ मध्ये, न्यायमूर्ती जे. एस. वर्मा यांच्या अध्यक्षतेखालील वृत्तवाहिन्यांच्या स्वनियमन मंडळाने मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली : चालू असलेल्या सुटका मोहिमेचा तपशील देऊ नये आणि ओलिसांशी किंवा हल्लेखोरांशी थेट संवाद प्रसारित करू नये. ही दुसरी अट उगाच आलेली नव्हती. हल्ल्याच्या काळात एका वाहिनीने हल्लेखोरांशी फोनवर झालेले बोलणे प्रेक्षकांना ऐकवले होते. पुढे मार्च २०१५ मध्ये केबल नियमांत दुरुस्ती होऊन दहशतवादविरोधी कारवाईचे थेट प्रक्षेपण निषिद्ध ठरले; कारवाई संपेपर्यंत सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याने वेळोवेळी दिलेली माहितीच दाखवायची, असा तो नियम आहे. एप्रिल २०२५ मध्ये पहलगामच्या हल्ल्यानंतर माहिती व प्रसारण मंत्रालयाने कारगिल, कंदाहार आणि मुंबई यांची उदाहरणे देऊन याच नियमाची आठवण करून दिली आणि ती देताना समाजमाध्यमांवर लिहिणाऱ्यांनाही उद्देशून आवाहन केले.

या नियमाचा अर्धा भार वाहिन्यांवर आहे आणि अर्धा त्या अधिकाऱ्यावर. तो गप्प बसला किंवा उशिरा बोलला, तर गच्चीवरून मोबाइल धरणाऱ्याला कोणताही नियम आवरू शकणार नाही. माहिती मिळत राहिली तर निदान बहुतेकांना तो मोह होत नाही. माझ्या मते सरकारे हा अर्धा भाग विसरतात आणि बंदीचा अर्धा भाग तेवढा पाठ करतात.

अभ्यासासाठी मनिलाची घटना अवश्य पाहावी. २३ ऑगस्ट २०१० रोजी तेथे बडतर्फ पोलीस अधिकाऱ्याने हाँगकाँगच्या पर्यटकांची बस ओलीस धरली. बसमध्ये दूरचित्रवाणी संच होता आणि त्यावर त्याने आपल्या भावाला पोलीस फरफटत नेत असल्याचे पाहिले. आठ पर्यटक मारले गेले. भावाच्या अटकेची ती बातमी खरी होती आणि लोकांना ती कळणेही योग्य होते. फक्त ती तासाभराने दाखवायला हवी होती.

तेव्हा आपण काय करायचे, याचे उत्तर असे की चित्रण थांबवायचे नाही, प्रक्षेपण थांबवायचे. सीएसटीवर वृत्तपत्र छायाचित्रकार सेबॅस्टियन डिसूझा यांनी आडोशाला राहून कसाबची छायाचित्रे टिपली. ती वृत्तपत्रात छापून येईपर्यंत कसाब स्थानकातून केव्हाच निघून गेला होता आणि पोलिसांच्या ताब्यातही आला होता, त्यामुळे त्यांचा हल्लेखोरांना काडीचाही उपयोग झाला नाही. खटल्यात डिसूझा यांची साक्ष झाली आणि ती छायाचित्रे पुरावा म्हणून न्यायालयासमोर आली.