एकच माणूस रिअल इस्टेट, औषधं, फायनान्स, इंजिनिअरिंग अशा सगळ्या फील्डसाठी फ्रीलान्स कंटेंट लिहू शकतो का?

हो, लिहू शकतो, पण प्रत्येक फील्डचे नियम आधी माहीत हवेत, नुसत्या गूगलवरच्या चार लिंक वाचून लिहिलं तर क्लायंट गोत्यात येतो. म्हणजे बघा, महाराष्ट्रातल्या बिल्डरच्या जाहिरातीत महारेरा (राज्याचं रिअल इस्टेट नियामक प्राधिकरण) नंबर लागतोच, 2023 पासून क्यूआर कोडपण. म्युच्युअल फंडावर लिहिताना रिटर्नची गॅरंटी द्यायची नाही, तिथे शेअर बाजार आणि फंडांवर लक्ष ठेवणारी सेबी आहे. आणि "डायबेटिस मुळापासून बरा होतो" असं आयुर्वेदिक प्रॉडक्टवाला कितीही मागे लागला तरी लिहू नका, 1954 चा ड्रग्ज अँड मॅजिक रेमेडीज कायदा आहे आणि ज्या आजारांवर इलाजाची जाहिरात करायला त्यात बंदी आहे त्या यादीत डायबेटिस आहेच, पण कायदा राहू द्या, असलं वाचून कोणीतरी खरंच इन्सुलिन बंद करतं हो, मी अशी कामं सरळ सोडते.

सुरुवातीला दोन-तीनच फील्ड धरा. क्लायंटच्या टेक्निकल माणसाचा अर्धा तास मागून घ्या, सेल्सवाल्याचा नको, कारण व्हॉल्व्ह बनवणाऱ्या कंपनीतला इंजिनिअर सांगतो की गळती नेमकी कुठून होते आणि गिऱ्हाईक काय विचारतं, ते ब्रोशरमध्ये कधीच नसतं. नुसता शब्दामागे रेट नको, रिसर्चचे पैसे वेगळे लावा आणि मजकूर फायनल कोण तपासणार ते मेलवर लिहून घ्या.