दक्षिणेला चार सेंटिमीटर

पोरी, अनेक आशीर्वाद.

वेबसाइटसाठी कुठला क्लास लावू, टेम्प्लेट कोणतं घेऊ, लोक हसतील का, असं पानभर विचारलंस. सांगतो. पण तुझ्या वहीतलं 21 जूनचं पान बघितल्यापासून मला चैन नाही. सव्वाबाराला एक मीटरच्या काठीची सावली ‘दक्षिणेला चार सेंटिमीटर’ असं तू आधी लिहिलं होतंस. पेन्सिल दाबून लिहितेस, त्यामुळे खोडलेलंही वाचता येतं. त्यावर नंतर ‘उत्तरेला’ लिहिलंस, कारण पुस्तकात तसं आहे.

काहून खोडलंस? तुझंच बरोबर होतं! उत्तर गोलार्धात भरदुपारची सावली उत्तरेला पडते, हे वर्षभर खरं असतं ते कर्कवृत्ताच्या पलीकडच्या गावांना. कर्कवृत्त साडेतेवीस अंशांच्या जवळ आहे आणि नागपूर त्याच्या खाली, 21.15 अंशांवर. 26 मेच्या सुमारास दुपारी बारा-दहाला सूर्य थेट आपल्या डोक्यावर येतो, उभ्या काठीची सावली बुडाशीच संपते. मग तो आणखी उत्तरेकडे सरकतो आणि जुलैच्या मध्यापर्यंत आपली मध्यान्हीची सावली दक्षिणेला जाते. तू स्वतःच्या डोळ्यांनी ते पकडलंस आणि छापील वाक्यासाठी सोडून दिलंस.

दिसलं ते लिही. पुस्तकाशी जमत नसेल तर शेजारी प्रश्नचिन्ह टाक, पण दिसलं तेच लिही.

शाळेत यावरून माझे पुष्कळ खटके उडाले. पोरांनी प्रयोगवहीत पुस्तकातलं उत्तर न लिहिता स्वतःचं निरीक्षण लिहिलं, तर मी पूर्ण मार्क द्यायचो. वरिष्ठांना ते खपायचं नाही, पालक म्हणायचे की बोर्डाच्या पेपरात हे चालणार नाही. मी मार्क दिले आणि आज शिकवत असतो तरी दिले असते. हळहळ एकाच गोष्टीची आहे. त्या वह्या वर्ष संपलं की रद्दीत जायच्या. त्या ठेवायला तेव्हा जागा नव्हती, तुला आज वेबसाइटची आहे. म्हणून तुझ्या टेम्प्लेटच्या चौकशीने मला राग येतो.

क्लास नको. नोटपॅड उघड, फाइलला ‘इंडेक्स डॉट एचटीएमएल’ नाव दे. शीर्षक, परिच्छेद, तक्ता आणि फोटो यांचे टॅग, म्हणजे ब्राउझरला कळणाऱ्या खुणा, एका रविवारी येतील. वरच्या हेडमध्ये ‘मेटा चारसेट’ची ओळ टाकून तिथे ‘यूटीएफ-8’ लिही, नाहीतर मराठी अक्षरांच्या जागी भलतीच चिन्हं दिसू शकतात. मोबाइलचा फोटो आधी लहान कर, चार-पाच एमबीचा चढवू नकोस. एखादं पान आवडलं तर कंट्रोल-यू दाबून त्याची आतली मांडणी वाच. एवढ्यावर सुरुवात होते. रंग, फॉन्ट मागाहून.

‘सगळं नेटवर आहेच, मी काय टाकू?’ हेही विचारलंस. अगं, टिम बर्नर्स-ली यांनी 1989 मध्ये सर्न या युरोपातल्या संशोधन प्रयोगशाळेत वेबची कल्पना मांडली, ती शास्त्रज्ञांना एकमेकांचं काम सहज बघता यावं म्हणूनच. नागपूरच्या महाल भागातल्या तुझ्या गच्चीवरचा सावल्यांचा तक्ता आणखी कुणाकडे आहे? 22 डिसेंबरला मध्यान्हीची सावली 99 सेंटिमीटरच्या आसपास, म्हणजे जवळपास काठीएवढीच भरते, हे त्रिकोणमितीतून कुणीही काढेल. तू मोजशील तेव्हा 97 येईल किंवा 101. काठी ओळंब्यात नव्हती का? गच्चीला पाण्यासाठी दिलेला उतार आडवा आला? की सावलीचं टोक नेमकं कुठे धरायचं तेच कळेना? सूर्य काही ठिपका नाही, आकाशात त्याची रुंदी अर्धा अंश आहे, त्यामुळे तेव्हा टोकाशी पावणेदोन-दोन सेंटिमीटरचा धूसर पट्टा दिसतो. हे सगळं लिही. 97 आले तर 97च लिही, 99 करू नकोस. लोक हसले तर त्यांना काठी आणि टेप दे.

दहावीचं वर्ष जवळ आलंय, आई काळजी करते, ते मला माहीत आहे. तिच्याशी मी बोलतो. रोज दुपारची दहा मिनिटं कुणाचे मार्क खात नाहीत.

23 सप्टेंबरला बारा वाजून सहा मिनिटांच्या सुमारास सावली 39 सेंटिमीटरच्या आसपास, उत्तरेला यायला हवी. काठीची उंची आणि सावली यांवरून सूर्य डोक्यावरून किती कलला तो कोन काढ. त्या दिवशी सूर्य विषुववृत्तावर असतो, म्हणून हा कोन म्हणजेच अक्षांश. तो 21 अंशांच्या जवळ आला तर नागपूरचा अक्षांश तू गच्चीवर बसून काढलास. बारा वाजता मी ओळंबा घेऊन येतो. ढग असले तर 24ला.

तुझे
सर